नवशिक्याच्या कॅमेऱ्यातून काय वगळले गेले

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचे दोन भाग असतात, बॉडी आणि लेन्स. या दोहोंना जोडणाऱ्या गोल कड्याला माउंट म्हणतात. पहिला कॅमेरा घेणाऱ्याची नजर बॉडीवर असते. किंमत, वजन, मेगापिक्सेल यांची सगळी तुलना तिथेच चालते. पण बॉडी काही वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स मात्र पंचवीस-तीस वर्षे सहज चालते, आणि ती एका विशिष्ट माउंटवरच बसते. नवशिका दुकानातून बॉडी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याने खरे तर माउंट निवडलेला असतो. ग्राहकाच्या आधी ही गोष्ट कंपन्यांच्या लक्षात आली. स्वस्त मॉडेल काढताना त्यांनी शटरचा वेग कमी केला, सेल्फ-टायमर काढून टाकला, धातूच्या जागी प्लॅस्टिक आणले. माउंट मात्र महागड्या मॉडेलचाच ठेवला, कारण पुढची कमाई त्यातून व्हायची होती. नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांचा नव्वदेक वर्षांचा इतिहास म्हणजे बराचसा या काटछाटीचा इतिहास आहे. माउंटलाच कात्री लावल्याचे प्रसंगही त्यात आहेत, आणि ते जास्त बोलके आहेत.

सुरुवात जर्मनीतल्या वेट्झलार गावी झाली. सूक्ष्मदर्शके बनवणाऱ्या लायट्झ कंपनीतल्या ऑस्कर बार्नाकने सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी चालवून २४ × ३६ मिमीची चौकट टिपणारा खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो ‘लायका’ या नावाने लोकांसमोर आला. त्याची ५० मिमीची लेन्स बॉडीला पक्की बसवलेली होती. लेन्स काढता येणारी लायका १९३० मध्ये निघाली. ३९ मिमी व्यासाच्या आट्यांवर लेन्स फिरवून बसवायची आणि गरजेप्रमाणे ३५, ५० किंवा १३५ मिमीची वापरायची, अशी सोय झाली. एक मेख मात्र राहिली होती. माउंटच्या पुढच्या कडेपासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक बॉडीत किंचित वेगळे असे. या अंतरात मिलिमीटरच्या अगदी लहान अंशाने फरक पडला तरी फोटो धूसर येऊ शकतो. त्यामुळे लेन्स कारखान्यात त्या-त्या बॉडीशी जुळवून द्यावी लागे. एकाची लेन्स दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर चालेल याची शाश्वती नसे. १९३१ मध्ये हे अंतर २८.८ मिमी असे ठरवून टाकण्यात आले आणि नव्या प्रमाणात बसणाऱ्या बॉडींच्या माउंटवर शून्याची खूण कोरली जाऊ लागली. लेन्स अदलाबदलीचा धंदा खऱ्या अर्थाने या शून्यापासून सुरू होतो.

पुढच्याच वर्षी लायट्झने दोन मॉडेले बाजारात ठेवली. ‘लायका २’ मध्ये लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर होता. त्यात दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणल्या की फोकस झाला. ‘लायका स्टँडर्ड’ मध्ये तो नव्हता, अंतर अंदाजाने किंवा वेगळ्या उपकरणाने ठरवावे लागे. माउंट दोघांचा एकच. पैसे जमल्यावर जुनी बॉडी कारखान्यात धाडून तिचे नव्या मॉडेलमध्ये रूपांतर करून घेण्याची सोयही कंपनीने ठेवली होती. नवशिक्याने स्वस्त दारातून आत यावे आणि मग घर सोडू नये, हा पुढच्या सगळ्या कंपन्यांचा डाव इथे आधीच मांडलेला दिसतो. त्याच साली झाइस आयकॉनने ‘कॉन्टॅक्स’ काढला. त्याचा माउंट संगिनीसारखा अडकवून थोडासा फिरवायचा, म्हणजे बायोनेट होता. लायकाच्या आट्यांवर मात्र इतरांनीही हात मारला. सोव्हिएत युनियनमधल्या खार्किव्हचा ‘फेड’ १९३४ पासून लायकाच्या धर्तीवर निघू लागला, आणि युद्धानंतर कॅनन व इतर जपानी कंपन्यांनी त्याच ३९ मिमीच्या आट्या आपल्या कॅमेऱ्यांना दिल्या.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात डोळ्याला दिसते ते वेगळ्या खिडकीतून, फिल्मवर उतरते ते लेन्समधून. लांब पल्ल्याची लेन्स लावली किंवा फुलाच्या अगदी जवळ गेले की या दोहोंतला फरक जाचू लागतो. त्यावरचा तोडगा म्हणजे लेन्समागे ४५ अंशांत आरसा ठेवून लेन्सचेच चित्र डोळ्यापर्यंत आणणारा एसएलआर. ड्रेस्डेनच्या इहागी कंपनीचा ‘किने एक्झॅक्टा’ १९३६ मध्ये ३५ मिमी फिल्मवर या पद्धतीने आला. हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ (१९५४) मध्ये नायकाच्या हातात लांबलचक लेन्स लावलेला कॅमेरा दिसतो, तो एक्झॅक्टाच. त्याचे बटण आणि फिल्म पुढे सरकवण्याचा दांडा डाव्या हाताला होता, हा त्या कंपनीचा एक विक्षिप्तपणा. सुरुवातीच्या एसएलआरमध्ये वरून खाली पाहावे लागे आणि चित्र डावे-उजवे उलटे दिसे. ड्रेस्डेनमध्येच १९४९ साली तयार झालेल्या ‘कॉन्टॅक्स एस’ ने पंचकोनी काचेचा लोलक बसवून ते सरळ केले, आणि नवा माउंटही आणला. ४२ मिमी व्यास, १ मिमी अंतराच्या आट्या. पुढे तो एम-४२ या नावाने ओळखला गेला.

एम-४२ एका कंपनीच्या मुठीत राहिला नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. पूर्व जर्मनीचा ‘प्राक्टिका’, सोव्हिएत ‘झेनिट’, जपानचे ‘पेंटॅक्स’, ‘फुजिका’, ‘चिनॉन’ या सगळ्यांनी तो वापरला. साठच्या दशकात एम-४२ घेणाऱ्या नवशिक्याला बॉडी एकीची, ५० मिमी लेन्स दुसरीची आणि टेलिफोटो तिसरीची असा संसार मांडता येत होता.  त्यात दोष नव्हते असे नाही. लेन्स बदलताना चार-पाच वळसे द्यावे लागत आणि लेन्स नेमक्या कोणत्या जागी येऊन थांबेल याची खात्री नसल्याने बॉडी आणि लेन्स यांच्यात ॲपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या मापाचा, निरोप पोचवणे अवघड होते.

जपानच्या असाही ऑप्टिकल कंपनीने १९५२ मध्ये ‘असाहीफ्लेक्स’ हा देशातला पहिला ३५ मिमी एसएलआर काढला. तोवरच्या बहुतेक एसएलआरमध्ये बटण दाबले की आरसा वर जाई आणि फिल्म पुढे सरकवेपर्यंत व्ह्यूफाइंडर काळा राही. १९५४ च्या ‘असाहीफ्लेक्स २बी’ मध्ये आरसा फोटो होताच आपोआप खाली येऊ लागला. १९५७ मध्ये लोलक आणि एम-४२ माउंट घेऊन ‘असाही पेंटॅक्स’ आला, १९६४ मध्ये लेन्समधून आलेला प्रकाश मोजणारा ‘स्पॉटमॅटिक’. याच घराण्यातल्या ‘एसपी-५००’ वर थोडे थांबायला हवे. हा १९७१ चा स्वस्त स्पॉटमॅटिक. त्याच्या शटरच्या चकतीवर सर्वांत वरचा आकडा ५०० होता, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. चकती आणखी एक टप्पा फिरवली तर एका कोऱ्या जागी ती खटकन बसे, आणि शटर हजाराव्या भागाचा वेग देई. आतले यंत्र महागड्या भावाचेच होते, फक्त त्या वेगाचा आकडा छापला नव्हता. स्वस्त मॉडेल बनवण्याचा याहून स्वस्त मार्ग क्वचितच सापडेल.

त्या काळात भारतातल्या बहुतेक हौशी लोकांचा पहिला कॅमेरा लेन्स बदलता येणारा नव्हताच. परदेशी मालावर आयातीची बंधने आणि जबर जकात होती. देशात तयार होणारा ‘अग्फा क्लिक-३’ हा साधा पेटीवजा कॅमेरा होता. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो काढायचे, लेन्स एकच आणि पक्की. वाढदिवस, सहली, मुंजी यांचे कितीतरी कृष्णधवल फोटो त्याच्यावर निघाले. एसएलआर यायचा तो बोटीवरच्या माणसाबरोबर, आखातातून सुटीवर आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून किंवा मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारातून सेकंडहँड. तिथे ‘कोणता घ्यावा’ या प्रश्नाला अर्थ नसे. जो मिळाला तो घेतला, आणि त्याला जी लेन्स बसेल ती पुढे शोधली. १९३७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांत नवशिक्याला जुन्याजाणत्यांचे कॅमेरे हाताळायला मिळत, ही त्यातली जमेची बाजू.

सोव्हिएत झेनिट हा या इतिहासातला वेगळा गडी. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातून १९६५ पासून निघालेला ‘झेनिट-ई’ तीस लाखांच्या वर तयार झाला. लेन्ससह त्याचे वजन किलोला टेकत होते. शटरचा वेग सेकंदाच्या तिसाव्या भागापासून पाचशेव्या भागापर्यंत. संथ वेग नव्हतेच, त्यासाठी ‘बी’ वर बटण दाबून धरायचे. प्रकाश मोजणारा मीटर सेलेनियमचा, त्याला बॅटरी लागत नसे, पण तो शटरशी किंवा ॲपर्चरशी जोडलेला नव्हता. सुईने दाखवलेले आकडे बघून ते हाताने लावायचे. व्ह्यूफाइंडर अंधारा आणि चित्राच्या कडा खाणारा. इतकी काटछाट असूनही समोर ‘हेलिऑस-४४’ ही ५८ मिमी एफ/२ लेन्स होती. झाइसच्या बायोटारवर बेतलेली ही लेन्स आजही वापरली जाते. झेनिटमागे पुढच्या लेन्सवर कमाई करण्याचा हिशेब नव्हता. सरकारी योजनेत ठरलेल्या संख्येने, परवडेल असा कॅमेरा काढायचा होता. पाश्चिमात्य देशांतही तो स्वस्तात विकला गेला आणि अनेकांचा पहिला एसएलआर ठरला.

नवशिक्याचा कॅमेरा म्हटले की छायाचित्रण शिकवणारे आजही ज्याचे नाव घेतात तो ‘पेंटॅक्स के-१०००’. १९७५ मध्ये पेंटॅक्सने एम-४२ सोडून बायोनेट पद्धतीचा के माउंट आणला. जुन्या ग्राहकांना वाऱ्यावर सोडायचे नाही म्हणून माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर त्यांनी ४५.४६ मिमी इतके पूर्वीचेच ठेवले. साध्या कड्याच्या मदतीने जुन्या आट्यांच्या लेन्स नव्या बॉडीवर बसू लागल्या. पुढच्या वर्षी के-१००० आला आणि १९९७ पर्यंत त्याचे उत्पादन चालू राहिले. तीस लाखांहून अधिक नग विकले गेले. त्याच्यातून जे वगळले होते त्याची यादी लांब आहे. सेल्फ-टायमर नाही. ॲपर्चर बंद करून क्षेत्रखोली, म्हणजे चित्रात किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसेल ते, पाहण्याचे बटण नाही. मीटर चालू-बंद करण्याची कळ नाही. लेन्सवर झाकण लावले की अंधारामुळे मीटर जवळजवळ वीज खात नाही, एवढीच सोय, आणि झाकण विसरले की बटणासारखी छोटी बॅटरी संपलीच. बॅटरी संपली तरी बिघडत काही नाही, कारण ती फक्त मीटरपुरती. शटर यांत्रिक असल्याने प्रत्येक वेगावर चालत राहते.

उरले काय, तर शिकण्यापुरते नेमके. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या कडेला एक सुई. प्रकाश जास्त असेल तर ती वर, कमी असेल तर खाली. डाव्या हाताने लेन्सवरचे ॲपर्चरचे कडे किंवा उजव्या हाताने शटरची चकती फिरवायची आणि सुई मध्यावर आणायची. एक वाढवला की दुसरा कमी करावा लागतो, हा छायाचित्रणातला पहिला धडा हाताच्या बोटांना आपोआप कळतो. त्यात आपोआप होणारे काही नसल्याने चुकलेल्या फोटोचा दोष कॅमेऱ्यावर ढकलता येत नसे. ३६ फोटोंचा रोल, तो धुण्याचा आणि छापण्याचा खर्च, आणि निकाल चार दिवसांनी, अशा शाळेत प्रत्येक फोटोची किंमत नोंदली जाई. पुढे उत्पादन हाँगकाँगला आणि नंतर चीनला गेले, काही धातूचे भाग प्लॅस्टिकचे झाले, तरी रचना तीच राहिली. उपयोजित कलेच्या आणि पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांत ‘पूर्ण मॅन्युअल कॅमेरा हवा’ अशी अट असे, आणि या अटीवरच के-१००० वीस वर्षे तगला. भारतात नव्वदच्या दशकात हीच जागा ‘निकॉन एफएम-१०’ ने घेतली. १९९५ मध्ये आलेला हा कॅमेरा निकॉनच्या नावाचा, पण बनवणारी कंपनी कोसिना. कोसिनानेच ऑलिंपस आणि यशिका यांच्या नावांनीही असे साधे एसएलआर बनवून दिले. बॉडी बहुतांशी प्लॅस्टिकची, माउंट मात्र अस्सल निकॉन एफ, म्हणजे १९५९ पासूनचा.

के-१००० च्याच वर्षी, १९७६ मध्ये, ‘कॅनन एई-१’ आला. नवशिक्याला सगळे शिकवायचे की त्याच्याऐवजी कॅमेऱ्याने करायचे, हा वाद तिथून सुरू होतो. एई-१ मध्ये मायक्रोप्रोसेसर होता. शटरचा वेग ठरवला की ॲपर्चर कॅमेरा ठरवी. इलेक्ट्रॉनिक रचनेमुळे सुमारे ३०० सुटे भाग कमी लागले, जोडणीत यंत्रे वापरता आली आणि किंमत उतरली. कॅननने त्याची जाहिरात टीव्हीवर केली. बॅटरी संपली की हा कॅमेरा ठप्प, पण ज्यांनी आधी कधी एसएलआर हातात धरला नव्हता अशा लाखो घरांत तो गेला. के-१००० ने नवशिक्याला विद्यार्थी मानले, एई-१ ने ग्राहक. विक्रीच्या हिशेबात दुसरी दृष्टी जिंकली, हे पुढच्या चाळीस वर्षांनी दाखवून दिले.

त्या काळच्या बहुतेक एसएलआरबरोबर ५० मिमीची लेन्स मिळे. ऐंशीच्या दशकात तिची जागा ३५ ते ७० मिमीच्या छोट्या झूमने घेतली. नवशिक्याला जागचे न हलता चौकट लहान-मोठी करता येऊ लागली, हा फायदा खरा. तोटा प्रकाशाचा. के-१००० बरोबरची ५० मिमी लेन्स एफ/२ पर्यंत उघडत होती (आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). स्वस्त झूम लांब टोकाला एफ/५.६ च्या आसपास थांबते, म्हणजे सुमारे एक-अष्टमांश प्रकाश. संध्याकाळी घरात फ्लॅश न लावता फोटो काढणे पहिल्या कॅमेऱ्यावर जमत होते, ते नव्या कॅमेऱ्यावर जमेना. काटछाट बॉडीकडून लेन्सकडे सरकली ती इथे, आणि ग्राहकाच्या ती पटकन लक्षातही आली नाही, कारण यादीत ‘झूम’ हा शब्द वाढला होता.

नवी बॉडी परवडत नसे त्याला सेकंडहँड बाजार होता आणि आहे. आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट पट्ट्यात, जुन्या लेन्सचा पहिला शत्रू म्हणजे बुरशी. पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरमध्ये बंद करून कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. चामडे ओलावा धरून ठेवते हे कव्हर देणारे कधी सांगत नसत. जुनी लेन्स पाहताना दोन्ही बाजूंची झाकणे काढायची, ॲपर्चर पूर्ण उघडायचे आणि मागून टॉर्च लावून तिरपे पाहायचे. कडेकडून आत पसरलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले की ती बुरशी. थोडी असेल तर जाणकार कारागीर साफ करतो. काचेवरच्या लेपाला तिने खाल्ले असेल तर डाग कायमचा. मग ॲपर्चरची पाती. ती झटकन मिटायला हवीत, त्यांच्यावर तेल उतरले असेल तर आळसावतात. बॉडीचा मागचा दरवाजा उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबून पाहतात. तो चिकट झाला असेल तर प्रकाश आत शिरतो, पण बदलायला खर्च थोडा. शटरचे पडदे सुरकुतलेले असतील तर मात्र सौदा सोडून द्यावा. विकणारे बॉडीच्या चकाकीवर भाव सांगतात, घेणारे जाणते लेन्समधून दिव्याकडे पाहतात.

१९८५ मध्ये मिनोल्टाने ‘७०००’ हे मॉडेल आणले. फोकस करणारी मोटर बॉडीत, आणि त्यासाठी नवा माउंट. मिनोल्टाच्या जुन्या लेन्स त्यावर बसत नव्हत्या. दोन वर्षांनी, मार्च १९८७ मध्ये, कॅननने ‘ईओएस ६५०’ काढून याहून मोठा घाव घातला. नवा ईएफ माउंट ५४ मिमी व्यासाचा होता. लेन्स आणि बॉडी यांच्यात दांडे-तरफा नाहीत, सगळे बोलणे विजेच्या टोकांतून, आणि मोटर लेन्समध्येच. कॅननच्या जुन्या एफडी माउंटच्या लेन्स जोडकड्याने तरी चालतील का, तर नाही. एफडीचे माउंट ते फिल्म अंतर ४२ मिमी, ईएफचे ४४. लेन्स दोन मिलिमीटर पुढे गेली की दूरचे दृश्य फोकसमध्येच येत नाही, मधे आणखी काच घालावी लागते. वर्षानुवर्षे एफडी लेन्स जमवलेल्यांचा संताप समजण्यासारखा होता. तंत्र म्हणून कॅननचा निर्णय बरोबर ठरला, हेही तितकेच खरे. निकॉनने एफ माउंट राखला आणि मोटर बॉडीत बसवली. जुन्या ग्राहकांना ते आवडले, पण त्याचे देणे पुढे वीस वर्षांनी नवशिक्याला फेडावे लागले.

डिजिटल सुरुवातीला नवशिक्याच्या आवाक्याबाहेर होते. निकॉन एफ-३ वर बेतलेला कोडॅकचा १९९१ चा डीसीएस १.३ मेगापिक्सेलचा होता आणि त्याचा साठवणीचा डबा खांद्याला लटकवावा लागे. १९९९ च्या ‘निकॉन डी-१’ ची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती. दार उघडले २००३ मध्ये ‘कॅनन ईओएस ३००डी’ ने. ६.३ मेगापिक्सेल, बॉडी ८९९ डॉलर, १८-५५ मिमी लेन्ससह ९९९. अमेरिकेत त्याचे नाव ‘डिजिटल रेबेल’, जपानमध्ये ‘किस डिजिटल’. ‘किस’ ही मालिका तिथे १९९३ पासून होती आणि मुलांचे फोटो काढणाऱ्या आयांना डोळ्यांसमोर ठेवून ती घडवलेली होती. ३००डी चा सेन्सर महागड्या ‘१०डी’ चाच होता. काचेच्या लोलकाऐवजी आरशांची जोडणी, बॉडी प्लॅस्टिकची, आणि काही सोयी सॉफ्टवेअरने बंद केलेल्या. हौशी लोकांनी फर्मवेअर उघडून पाहिले तर बऱ्याच सोयी आत झोपवून ठेवलेल्या सापडल्या. बदललेले फर्मवेअर घातले की आयएसओ ३२०० आणि आरसा आधी उचलून धरण्याची सोय चालू होई. बत्तीस वर्षांपूर्वीच्या एसपी-५०० च्या न छापलेल्या आकड्याचीच ही डिजिटल आवृत्ती.

इथूनच ‘किट लेन्स’ हा शब्द मराठी बोलण्यात रुळला. १८-५५ ची चौकट छोट्या सेन्सरमुळे फिल्मवरच्या साधारण २९-८८ मिमीइतकी पडते. लेन्स हलकी, तिचा माउंटही प्लॅस्टिकचा. पुष्कळांची ती पहिली आणि शेवटची लेन्स ठरली. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेऊन लेन्स कधीच न बदलणारा ग्राहक या काळात मोठ्या संख्येने तयार झाला, आणि कंपन्यांचा जुना हिशेब त्याने चुकवला.

निकॉनने २००६ च्या ‘डी-४०’ मध्ये बॉडीतली फोकसची मोटरच काढून टाकली. कॅमेरा छोटा, हलका आणि स्वस्त झाला. पण माउंट वरून तोच असला तरी आतून अर्धा झाला. सर्वांत स्वस्त आणि चांगली अशी ५० मिमी एफ/१.८ लेन्स त्यावर बसे, फोकस मात्र हाताने करावा लागे. दुकानदाराने हे सांगितले नसेल तर घरी गेल्यावर कळे. स्वतःची मोटर असलेली ३५ मिमी एफ/१.८ लेन्स निकॉनने २००९ मध्ये आणली तेव्हा ही अडचण बरीचशी मिटली. गंमत अशी की, खर्च वाचवताना माउंटच्या कडेची एक तरफही गेली होती, आणि त्यामुळे १९७७ पूर्वीच्या ज्या लेन्स महागड्या बॉडीवर लावणे धोक्याचे होते, त्या या स्वस्त बॉडीवर बिनधोक बसत. मीटर चालत नसे, इतकेच. कॅननने २०१८ मध्ये शेवटची मर्यादाही ओलांडली. युरोपात ‘४०००डी’ आणि भारतात ‘३०००डी’ या नावाने विकलेल्या बॉडीचा माउंटच प्लॅस्टिकचा केला. चष्म्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायची चकतीही काढली. माप ईएफचेच, त्यामुळे लेन्स सगळ्या बसत, पण डिजिटल बॉडीत ज्या भागावर सहसा काटकसर होत नव्हती तोही सुटला नाही.

तोवर आरशाचेच दिवस भरत आले होते. पॅनासॉनिक आणि ऑलिंपस यांनी २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्‌स हा सामाईक माउंट जाहीर केला आणि पॅनासॉनिकचा ‘जी-१’ बाजारात आला. आरसा नसल्याने माउंट ते सेन्सर अंतर १९.२५ मिमीवर उतरले. सोनीने २०१० मध्ये ई माउंटचे अंतर १८ मिमी ठेवले. या छोट्या अंतराचा नवशिक्याला एक अनपेक्षित लाभ झाला. मधली मोकळी जागा भरणारे साधे कडे लावले की जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स बसू लागली. झेनिटवरची हेलिऑस, पेंटॅक्सच्या आट्यांच्या लेन्स, कॅननच्या अनाथ झालेल्या एफडी, यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. फोकस हाताने, पण किंमत किट लेन्सपेक्षा कमी.

लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांची जागतिक विक्री २०१२ मध्ये सुमारे २ कोटींवर पोचली आणि मग घसरली. जपानी उत्पादकांच्या आकडेवारीत २०२० मध्ये बिनआरशाच्या मिररलेसने डिजिटल एसएलआरला मागे टाकले. निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ हे नवे माउंट २०१८ मध्ये आणले. जुन्या लेन्स जोडकड्याने चालतात, पण निकॉनच्या एफटीझेड कड्यात मोटर नाही, त्यामुळे डी-४० च्या मालकाला जी अडचण होती तीच इथे पुन्हा येते. सर्वांत कडू अनुभव कॅननच्या ‘ईओएस एम’ घेणाऱ्यांना आला. २०१२ मध्ये नवशिक्यांसाठीच काढलेली ही मालिका २०२३ मध्ये बंद झाली. तिच्या माउंटचे अंतर १८ मिमी आणि आरएफचे २०, त्यामुळे तिच्या लेन्स नव्या बॉडीवर नेण्याची सोयच उरली नाही. दोन मिलिमीटरांनी एफडीवाल्यांचे जे केले होते तेच या ग्राहकांचे झाले.

२०२३ मध्येच कॅननने ‘आर-५०’ आणि ‘आर-१००’ ही आरएफ माउंटची स्वस्त मॉडेले आणली. आर-१०० चा मागचा पडदा फिरत नाही आणि त्याला स्पर्शही कळत नाही, हातातल्या फोनच्या जमान्यात ही काटछाट विशेष जाणवते. या माउंटवर स्वतः फोकस करणाऱ्या स्वस्त लेन्स मोजक्याच होत्या, कारण कॅननने बाहेरच्या कंपन्यांना वाट दिली नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांनी छोट्या सेन्सरच्या आरएफ कॅमेऱ्यांसाठी परवान्याने लेन्स जाहीर केल्या. सोनी आणि फुजिफिल्मच्या माउंटवर त्या आधीपासून होत्या. आज पहिली बॉडी निवडताना मेगापिक्सेलच्या आधी पाहावे ते हेच. त्या माउंटवर एफ/१.८ ची स्वस्त लेन्स कोणती आहे, ती बॉडीवर स्वतः फोकस करते का, आणि सेकंडहँड बाजारात ती किती सहज मिळते.